भावांचं ते वारसायुद्ध आणि बायकांचं ते भांडण?

राजाराम महाराजांच्या राण्या ताराबाई आणि राजसबाई या दोन सवतींवरची एक कादंबरी सध्या आमच्याकडं लातूर, अंबाजोगाई, नांदेड या पट्ट्यातल्या वाचणाऱ्या लोकांत हातोहात फिरायलीय, आणि तिच्यावरनं जो वाद पेटलाय तो इतक्या चुकीच्या जागी पेटलाय की लिहिल्याशिवाय राहवत नाही. एक बाजू म्हणायलीय की छत्रपतींच्या घराण्यातल्या राण्या एकमेकींना कैदेत टाकताना, डाव रचताना दाखवल्या म्हणजे इतिहासाची बेअब्रू केली, पुस्तक वाचनालयातनं काढून टाका. दुसरी बाजू म्हणायलीय की अहो कादंबरीच तर आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं, लेखकाला सुचलं ते त्यानं लिहिलं, पटत नसेल तर वाचू नका. दोन्हीकडचे लोक शिकलेले आहेत, पोटतिडकीनं बोलायलेत, आणि दोघंही मूळ प्रश्नाला हात न लावता निघून जातात. कादंबरीचं नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण प्रश्न त्या एका पुस्तकाचा नाहीच, अशा पंचवीसेक कादंबऱ्या आपण सगळ्यांनी वाचल्यात आणि सगळ्यांत हेच होतं.

माझं म्हणणं आधीच सांगते. राण्यांची दुश्मनी लिहायलाच पाहिजे, कैद, कपट, फितुरी सगळ्यासकट लिहायला पाहिजे, त्यात कुणाचाही अपमान नाही. अपमान होतो तो त्या दुश्मनीचं कारण बदलल्यामुळं. गादी, किल्ले, फौज, सरदारांची वतनं यासाठी चाललेली लढाई जेव्हा सवतीमत्सर म्हणून सांगितली जाते, तेव्हा त्या बाईकडचं राजकारण काढून घेऊन तिच्या हातात फक्त जळफळाट ठेवला जातो. आणि पुस्तक काढून टाका म्हणणारेही तेच करतात, फक्त उलट्या बाजूनं, कारण त्यांच्या मनात राणी भांडली म्हणजे ती राणी राहिली नाही. दोघांनाही राज्य करणारी बाई नकोय, एकाला भांडकुदळ पाहिजे आणि दुसऱ्याला देवी पाहिजे.

जरा बाप्यांची भांडणं आपण कशी सांगतो ते बघा. औरंगजेबाची कबर आमच्याच खुलदाबादला आहे. त्यानं आणि त्याच्या भावांनी १६५७ पासून पुढं काय केलं हे शाळेतल्या पोराला पण माहीत असतं, दाराचं डोकं उडवलं, मुरादला तुरुंगात टाकून मारलं, शुजा आराकानात पळाला, बापाला आग्र्याच्या किल्ल्यात कोंडलं. याला आपण काय म्हणतो? वारसायुद्ध. शहाजहानच्या पोरांना एकमेकांचा हेवा वाटत होता, म्हणून लढले, असं कुणी पुस्तकात लिहितं का? हेवा नव्हता असं नाही, भरपूर होता, धाकट्या भावाला थोरल्यावरच्या बापाच्या लाडाचा राग असणारच, पण आपण तो राग पायरी म्हणून धरतो आणि त्याच्यावर सुभे, तोफा, अमीर-उमराव, धर्माचं धोरण अशी सगळी इमारत उभी करून सांगतो. त्याच लढाईत बहिणी पण होत्या. जहाँआरा दाराच्या बाजूनं, रोशनआरा औरंगजेबाच्या बाजूनं. आता या दोघींबद्दल काय वाचायला मिळतं ते आठवा. एकीला बापाची लाडकी म्हणायचं, दुसरीला तिच्यावर जळणारी. भाऊ त्याच महालात, त्याच वर्षी, त्याच तख्तासाठी लढले ते राजकारण, आणि बहिणींनी बाजू घेतली तो मत्सर?

आमच्याकडं गावात जावा-जावा बोलत नाहीत तेव्हा लोक म्हणतात चुलीवरनं भांडल्या, आणि नीट खोदून विचारलं तर निघतं की सातबाऱ्यावर कुणाच्या पोराचं नाव लागणार यावरनं सगळं चाललंय, चूल नुसती निमित्त. राजघराण्यात सातबाऱ्याच्या जागी अख्खं राज्य होतं एवढाच फरक.

आता ताराबाई-राजसबाईंचंच घ्या. राजाराम महाराज मार्च १७०० मध्ये सिंहगडावर वारले तेव्हा ताराबाईंचं वय पंचविशीच्या आसपास, मुलगा शिवाजी १६९६ चा, राजसबाईंचा संभाजी १६९८ चा. दोन सवती, दोन वर्षांच्या अंतराची दोन पोरं, आणि समोर औरंगजेब स्वतः दक्षिणेत तळ ठोकून बसलेला. ताराबाईंनी आपल्या मुलाला गादीवर बसवलं, राजसबाई आणि त्यांच्या मुलाला नजरकैदेत ठेवलं आणि पुढची सात वर्षं ती लढाई चालवली. बादशहा एकेक किल्ला घ्यायचा, सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा, काही वेढा घालून काही पैसे चारून, आणि त्याची पाठ वळली की मराठे तो परत घ्यायचे, शिवाय नर्मदा ओलांडून माळव्यात, गुजरातेत घुसायचे. १७०७ ला तो नगरला मेला आणि आमच्या खुलदाबादला आणून पुरला. हे सगळं चालवणारी बाई सवतीला कैदेत ठेवते तेव्हा ती काय करत असते? दुसरा वारस शत्रूच्या किंवा असंतुष्ट सरदारांच्या हातात पडू नये याची काळजी. क्रूर आहे का? आहे. पण ही तीच क्रूरता आहे जी त्या काळातला प्रत्येक राजा करत होता, आणि राजानं केली की आपण तिला सावधपणा म्हणतो.

मग १७१४ ला पन्हाळ्यावर फासा उलटा पडला. राजसबाईंनी संभाजीला गादीवर आणलं आणि ताराबाई व त्यांचा मुलगा कैदेत गेले, तो पोरगा पुढं कैदेतच वारला. कादंबऱ्यांना हा प्रसंग फार आवडतो कारण सूडाची सोय होते. चौदा वर्षं मनात विष साठवलं आणि संधी मिळताच ओकलं, असं लिहिलं की प्रकरण संपतं. पण रामचंद्रपंत अमात्यासारखा मुरलेला माणूस, ज्यानं राजाराम महाराज जिंजीला असताना इकडचं राज्य सांभाळलं, तो या उलथापालथीमागं होता असं इतिहासकार सांगतात. तो काय राजसबाईंच्या जळफळाटासाठी राबत होता? साताऱ्याला थोरल्या संभाजीराजांचे पुत्र शाहू बळकट होत चालले होते, ताराबाईंचे सरदार एकेक करून तिकडं जात होते, कोल्हापूरची गादी टिकवायची तर कारभार बदलायला पाहिजे असं बऱ्याच जणांना वाटलं असणार. राजसबाईंनी ते ओळखलं आणि वेळ साधली. याला राजकीय बुद्धी म्हणतात, आणि आजपर्यंत राजसबाईंना ती कुणी दिलेली नाही.

आणि आमच्या मराठवाड्याच्या लोकांनी तर हे भांडण कोल्हापूर-साताऱ्याचं घरगुती प्रकरण म्हणून सोडूच नये. राजसबाईंनी ज्या संभाजीला गादीवर बसवलं त्याच्याच हक्काचं निमित्त करून निजामानं शाहूंच्या चौथाईला आडवं लावलं, पुण्यापर्यंत फौजा नेल्या, आणि त्याचा शेवट बाजीरावानं फेब्रुवारी १७२८ ला कुठं केला? वैजापूरजवळच्या पालखेडला. निजामाला पाण्यावाचून कोंडलं आणि गोदावरीच्या काठी, पैठणच्या पलीकडं मुंगी-शेवगावला तह झाला. पन्हाळ्यावरच्या दोन बायकांचं भांडण चौदा वर्षांनी आमच्या शिवारात येऊन लढलं गेलं. एवढ्या लांब पोचणारं भांडण महालातल्या आरशा-अत्तराचं असतं का हो?

सवतीमत्सराच्या गोष्टीला सगळ्यात मोठं उत्तर मात्र याच घराण्यात त्याआधी पंचवीस वर्षं लिहून ठेवलंय, आणि मला आश्चर्य वाटतं की दोन्ही बाजूचे लोक ते वाचत नाहीत. १६८० ला शिवाजी महाराज गेल्यावर सोयराबाईंनी, अण्णाजी दत्तो आणि इतर कारभाऱ्यांना सोबत घेऊन, दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवलं. महाराजांचे मोठे चिरंजीव, थोरले संभाजीराजे, पन्हाळ्यावर. सोयराबाईंचा सख्खा भाऊ सरनौबत हंबीरराव मोहिते, तो बहिणीच्या बाजूनं न जाता संभाजीराजांच्या बाजूनं गेला आणि डाव फसला. आता पुढं नऊ वर्षं या. १६८९ ला संभाजीराजांची हत्या झाली, रायगडाला वेढा पडायची वेळ, आणि येसूबाई, ज्यांच्या नवऱ्याची गादी एकदा राजारामांसाठी हिसकावली जात होती, त्याच येसूबाई म्हणाल्या की राजारामांना गादीवर बसवा आणि गडावरनं बाहेर काढा. स्वतःचा मुलगा शाहू सात वर्षांचा होता. हक्क त्याचा होता. तो हक्क बाजूला ठेवून त्या पोराला घेऊन मागं गडावर राहिल्या, नोव्हेंबरात रायगड पडला, कैद झाली, आणि सुटून साताऱ्याला यायला १७१९ उजाडलं. तीस वर्षं. नुसता मत्सर हेच जर या घराण्यातल्या बायकांचं इंधन असतं तर १६८९ चा हा निर्णय कसा समजावून सांगणार? सवतीमत्सर, सासू-सुनेचं वैर या चष्म्यातनं तो दिसतच नाही. राज्य वाचवायचं तर वयात आलेला वारस बाहेर पाहिजे, हा हिशोब त्यांनी केला, आणि तोच हिशोब १६८० ला सोयराबाईंनी वेगळा केला होता, चुकीचा केला होता असं आपण म्हणू शकतो, पण हिशोब होता.

आता विरोधी बाजूचं जे खरंच वजनदार म्हणणं आहे ते मान्य करते, आणि मनापासून करते. महाराष्ट्रात लोक इतिहास कादंबरीतनं शिकतात. पुराभिलेखागारात जाऊन मोडी वाचणारा लाखात एक, बाकी सगळ्यांच्या डोक्यातले महाराज, राण्या, पेशवे हे कादंबरी, नाटक आणि आता सिरीयलमधनं आलेले. त्यामुळं कादंबरीकारानं एकदा रंगवलेलं पात्र शंभर वर्षं पुसलं जात नाही. संभाजीराजांचंच काय झालं बघा. मल्हार रामराव चिटणीसानं बखर लिहिली ती संभाजीराजांच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांच्या आसपास, आणि त्याचा पूर्वज बाळाजी आवजी याला संभाजीराजांनी कटाच्या संशयावरनं मारलं होतं, म्हणजे लिहिणाऱ्याच्या घरात जुनी जखम. त्या बखरीवर नाटकं उभी राहिली आणि पिढ्यान्पिढ्या व्यसनी, उतावळा संभाजी लोकांच्या मनात बसला. वा. सी. बेंद्र्यांचं चरित्र आलं १९६० ला, तेव्हा कुठं कागदं समोर मांडून ते चित्र पुसायला सुरुवात झाली. एका राजाला एवढी वर्षं लागली तर राणीला किती लागतील, तिच्या बाजूनं तर कागद पण कमी. म्हणून लोक चिडतात ते उगं चिडत नाहीत, हे मी मान्य करते.

पण मग याच उदाहरणात पुढं बघा. तो कलंक कशानं गेला? नाटकं बंद पाडून गेला नाही, कागद शोधून गेला. सोयराबाईंच्या बाबतीत तर फारच ठसठशीत आहे. महाराजांना विष घातलं ही कुजबूज कित्येकांनी रंगवून लिहिली, आणि सभासद, जो महाराजांच्या दरबारातला माणूस, तो ज्वराची व्यथा झाली एवढंच सांगतो. चिटणीस म्हणतो सोयराबाईंना भिंतीत चिणून मारलं. आणि खुद्द संभाजीराजांचं ऑगस्ट १६८० चं संस्कृत दानपत्र आहे, त्यात ते आपल्या या सावत्र आईचं मन स्फटिकासारखं निर्मळ म्हणतात आणि बुद्धिभेद करणाऱ्या कारभाऱ्यांवर दोष ठेवतात. गादी हिसकावायचा प्रयत्न झाल्यावर चार महिन्यांनी, ज्याची गादी हिसकावली जात होती त्यानं लिहिलेलं! त्यामागं राजकारण असेल, घराण्याची अब्रू झाकायची असेल, पुढच्या वर्षी दुसरा कट उघडकीला आल्यावर गोष्टी बिघडल्या आणि सोयराबाईंचा अंत झाला हेही खरं, पण त्या माणसाला जी गुंतागुंत कळत होती ती आपल्या कादंबरीकारांना का कळू नये? हे दानपत्र सापडलं, छापलं, वाचलं म्हणून आपण आज सोयराबाईंबद्दल काही बरं बोलू शकतो. आणि जानेवारी २००४ ला पुण्यात जिजाऊंच्या बदनामीच्या रागातनं भांडारकर संस्थेवर हल्ला झाला तेव्हा काय विस्कटलं? ग्रंथ, हस्तलिखितं. राग ज्या बदनामीचा होता ती बदनामी खोडायला जे साहित्य लागतं नेमक्या तशाच साहित्यावर लोक तुटून पडले. जिजाऊंबद्दलचा राग माझाही आहे, सिंदखेडराजा आमच्या हद्दीला लागून आहे, त्यांच्या वडलांचा, लखुजी जाधवांचा खून आमच्या देवगिरीवर १६२९ ला भर दरबारात झाला, ही माणसं आम्हाला लांबची नाहीत. पण त्या रागाचं काम कागद वाचवणं आहे.

दुसरं एक म्हणणं मला नेहमी ऐकायला मिळतं आणि ते जास्त अवघड आहे. की बाई, माणूस म्हटलं की मत्सर असणार, एका नवऱ्याच्या चार बायका, एकीच्या वाट्याला मान आला की दुसरीच्या पोटात दुखणारच, मग कादंबरीकारानं ते का दाखवू नये, तुम्हाला काय राण्या दगडाच्या पाहिजेत? बरोबर आहे. मला दगडाच्या राण्या नकोत. बहुपत्नीत्वाची व्यवस्थाच अशी होती की ती बायकांना एकमेकींसमोर उभं करायची, आणि ते दुःख लिहिणं हे कादंबरीचं कामच आहे, बखर ते लिहिणार नाही. पण तो मत्सर कशातनं आला ते पण लिहा ना. शिवाजी महाराजांची आठ लग्नं झाली ती प्रेमापोटी झाली का? निंबाळकर, मोहिते, शिर्के, पालकर, जाधव, गायकवाड, एकेक लग्न म्हणजे एकेक घराणं राज्याला जोडणं. म्हणजे राणी महालात आली तीच एका राजकीय कराराची सही म्हणून. नवरा गेल्यावर तिची जागा ठरायची ती मुलगा गादीवर आहे का नाही यावर. मुलगा राजा झाला तर ती राजमाता, शिक्का तिच्या हातात, सरदार तिला मुजरा करणार. नाही झाला तर एखाद्या गडाच्या कोपऱ्यात कायमची नजरकैद, आणि तिच्या माहेरच्या घराण्याचं वजन पण संपलं. एवढं सगळं ज्या एका गोष्टीवर टांगलेलं आहे त्या गोष्टीसाठी बाई झगडते तेव्हा तिच्या पोटातली कळ आणि तिचं राजकारण वेगळं काढताच येत नाही. चांगली कादंबरी दोन्ही एकत्र दाखवती. वाईट कादंबरी कळ ठेवती आणि राजकारण तेवढं कारभाऱ्यांना वाटून टाकती. दासी येऊन कान भरते, राणी पडद्याआडनं ऐकते, पुढच्या प्रकरणात कट शिजतो, आणि कट शिजवायचं डोकं कायम कुठल्यातरी अण्णाजीचं नाहीतर सखारामबापूचं असतं. राणीच्या वाट्याला फक्त रडणं आणि दात-ओठ खाणं.

आणि मग कुणीतरी म्हणतं की हे तुम्ही आजच्या स्त्रीवादी डोळ्यांनी बघताय, त्या काळात बायकांच्या राजकारणाला राजकारण म्हणतच नव्हते. हे तर साफ खोटं आहे. खाफीखान हा मोगलांचा इतिहासकार, मराठ्यांबद्दल त्याच्या तोंडी चांगला शब्द सहसा नाही, पण ताराबाईंच्या हुशारीची, कारभाराची आणि फौज हाताळायच्या जाणकारीची तो कबुली देतो, आणि बादशहानं एवढं करूनही त्यांच्या काळात मराठ्यांचा जोर वाढतच गेला असं लिहितो. ही फारसी साधनं मराठीत आणायचं काम कुणी केलं, तर आमच्या निलंग्यात जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींनी. निजामाच्या राज्यात उर्दू-फारसीत शिकण्याचा जो जाच मराठवाड्यानं सोसला त्यातनं पगडींनी महाराष्ट्राला हे देणं दिलं, आणि आम्हीच ते कपाटात ठेवून सिरीयलमधल्या ताराबाईवर भांडायलोत. शत्रूला तीनशे वर्षांपूर्वी जी बाई राज्यकर्ती दिसत होती ती आपल्याला दिसायला आजचा स्त्रीवाद कशाला लागतो?

उलट बायकांचं राजकारण छोटं करून सांगायची खोड किती जुनी आहे ते देवगिरीवरच बघायला मिळतं. तेराव्या शतकात वरंगळला काकतीयांची राणी रुद्रमा राज्य करत होती, आणि आमचा देवगिरीचा यादव राजा महादेव तिच्याशी लढला. हेमाद्री, ज्याला आपण हेमाडपंत म्हणतो, तो लिहितो की महादेवानं रुद्रमेला बाई म्हणून सोडून दिलं. आणि काकतीयांकडची परंपरा सांगते की तिनं महादेवाला हरवून देवगिरीपर्यंत पिटाळलं आणि खंडणी घेतली. दोन्ही दरबारी लिखाण, दोन्हीत फुगवटा असणार, पण हेमाद्रीची युक्ती बघा. लढाई नीट जिंकता आली नाही तर म्हणायचं ती बाई होती म्हणून सोडली. आठशे वर्षं होत आली, अजून आपली लिहिण्याची रीत बदललेली नाही.

आता कादंबरीच तर आहे म्हणणाऱ्यांकडं वळते, कारण मला त्यांचा जास्त राग येतो, ते माझ्या बाजूचे वाटतात आणि आहेत नाहीत. नारायणराव पेशव्यांचा खून ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी दोषी ठरवलं ते रघुनाथरावाला, तोंडावर सांगितलं आणि पद सोडून गेले. पण गावोगाव कुणालाही विचारा पेशव्याला कुणी मारलं, उत्तर येतं आनंदीबाईनं, ध चा मा केला. न्यायाधीशाचा निकाल नवऱ्यावर आणि लोकांचा निकाल बायकोवर, आणि लोकांचा निकाल टिकला कारण तो गोष्टीत बसला. रघुनाथराव तर त्याआधी १७६२ ला सख्ख्या पुतण्याविरुद्ध, माधवरावाविरुद्ध निजामाला जाऊन मिळाला होता, म्हणजे माणसाच्या महत्त्वाकांक्षेचा पुरावा ढीगभर होता, तरी दोषाला बाई सापडली. नुसतीच गोष्ट आहे, नुसतंच मनोरंजन आहे म्हणणाऱ्यांनी सांगावं, नुसत्या गोष्टीनं एवढी मोठी उलटापालट केली का नाही? आणि गोपिकाबाईंना तिच्यासमोर उभं करून दोन जावांचा संसार रंगवणाऱ्यांपैकी कितींनी गोपिकाबाईंनी नातवाला, सवाई माधवरावाला राजानं कसं वागावं याबद्दल लिहिलेला उपदेश वाचलाय? लेखकाला स्वातंत्र्य आहे, ते असलंच पाहिजे, त्यावर माझा कुठलाही वाद नाही. पण स्वातंत्र्य आहे एवढं म्हणून पुस्तक चांगलं ठरत नाही, आणि वाचकालाही स्वातंत्र्य आहे ते पुस्तक इतिहासाच्या अंगानं वाईट आहे असं सांगायचं. नांदेडच्या नरहर कुरुंदकर गुरुजींनी महाराजांवरच्या एका गाजलेल्या कादंबरीला जी लांबलचक प्रस्तावना लिहिली ती लोक आजही वेगळी काढून वाचतात. कादंबरीवर प्रेम करायचं आणि तिच्याकडं हिशोब पण मागायचा, हे त्यांनी आमच्याच भागात बसून करून दाखवलं. मग आम्ही बंदी आणि वाहवा या दोनच गोष्टी का शिकलो?

माझ्या मागण्या फार नाहीत. ऐतिहासिक कादंबरीच्या शेवटी लेखकानं चार पानं द्यावीत, कुठला प्रसंग कागदावरनं आलाय, कुठली व्यक्तिरेखा कल्पनेतली, कुठं परंपरेत दोन मतं आहेत. यानं कादंबरीची गोडी कमी होत नाही. आणि वाचनालयांनी पुस्तक काढायच्या भानगडीत पडण्याऐवजी त्याच कपाटात शेजारी पगडींचे अनुवाद ठेवावेत, बेंद्र्यांचं संशोधन ठेवावं, चर्चेला बोलवायचं तर नुसता लेखक नको, मोडी-फारसी जाणणारं माणूस पण बोलवा. जिल्ह्याच्या ठिकाणी असं माणूस सापडतं, शोधलं तर.

आणि लिहिणाऱ्यांना सांगायचं तर आमच्याकडच्या राण्यांकडं बघा की. हुसेन निजामशहा १५६५ ला गेल्यावर त्याची बेगम खुंजा हुमायून हिनं लहान मुलाच्या नावानं निजामशाही चालवली, त्याच राज्यात मराठवाड्याचा मोठा भाग होता, आणि पुढं पोटच्या मुलानंच सरदारांच्या मदतीनं तिला कैद केलं. तिची मुलगी चांदबीबी. तिचं लग्न विजापूरला, आंदणात सोलापूरचा किल्ला, म्हणजे तिच्या सासर-माहेरात जे भांडण होतं त्याच्या मधोमध ती स्वतः दिलेली. तिथं नवरा मारला गेल्यावर त्याच्या नऊ वर्षांच्या पुतण्यासाठी, इब्राहिमसाठी कारभार बघितला, किश्वरखान या सरदारानं साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकली, सुटली, परत माहेरी येऊन १५९५-९६ ला अकबराचा मुलगा मुराद याच्या फौजेसमोर नगरचा किल्ला लढवला, वऱ्हाड देऊन राज्य वाचवलं, आणि १६०० ला मोगलांना फितूर झाली या अफवेवर स्वतःच्याच माणसांनी मारली. या आई-लेकीच्या गोष्टीत सवत नाही, त्यामुळं सवतीमत्सराचं सोपं कुलूप लागणार नाही, लेखकाला राजकारण समजून घ्यावंच लागेल.

आणि राजसबाई राहिल्याच की. ताराबाईंवर निदान शत्रूनं तरी चांगलं लिहून ठेवलं, राजसबाईंना आपण फक्त ताराबाईंना कैद करणारी म्हणून ओळखतो. चौदा वर्षं कोंडलेली बाई एका दिवसात गडाचा ताबा घेते तर तिची माणसं कोण होती, गडकऱ्यांना काय शब्द दिला होता, शाहूंशी आणि निजामाशी एकाच वेळी कसं वागायचं हे कोल्हापूरच्या दरबारात कोण ठरवत होतं, १७३१ च्या वारणेच्या तहात मुलानं जे मान्य केलं ते आईला पटलं होतं का? आणि त्याच गादीवर पुढं त्यांची सून जिजाबाई १७६० नंतर पेशव्यांना दाद न देता दत्तक घेऊन तेरा वर्षं कारभार करते, तर ती हे सगळं कुणाकडं बघून शिकली? यातलं एकही प्रकरण मी आजवर कुठल्या कादंबरीत धड वाचलेलं नाही. कुणी लिहिलं तर पहिल्या दिवशी विकत घेईन, आणि त्यात राजसबाई कपटी दाखवल्या म्हणून कुणी वाचनालयात निवेदन घेऊन आलं तर त्यांच्यासमोर बसून पानापानावर वाद घालायला मी येईन.